भरती-ओहोटीचे गाव

उपनगर हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटात एक गाव असते हे आपल्या ध्यानातच राहात नाही. दादर काय, पार्ले काय, मुलुंड काय, ही सारी एके काळची गावेच. त्यांना विहिरी होत्या, वाड्या होत्या, भातखाचरे होती आणि वेशीवर बसलेला एखादा देव होता. मग आगगाडी आली, पाठोपाठ चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या. शेवटी गावाचे नाव तेवढे स्टेशनच्या पाटीवर उरले. गाव उपनगरात कसे विरघळते हे विरघळून गेल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. ते होत असताना पाहायला मिळाले, तर मात्र पुष्कळ शिकता येते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी या सदरात मुद्दाम असे एक गाव निवडले आहे, की जे अजून पुरते उपनगर झालेले नाही आणि पुरते गावही राहिलेले नाही. त्याचे नाव खारबाव.

खारबाव म्हटल्यावर पुष्कळ वाचक भुवया उंचावतील. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्यांना मात्र ते चांगले ठाऊक असेल. जूचंद्र गेले, कामण रोड गेले, की पुढचे स्टेशन खारबाव आणि त्यापुढचे भिवंडी रोड. डाव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर आणि त्यांच्या सोबतीला कामणदुर्ग, उजव्या हाताला सखल, ओलसर, सपाट प्रदेश आणि त्यापलीकडे खाडी. खाडीच्या पैलतीराला घोडबंदर रस्त्याच्या काठाने उभी राहिलेली ठाण्याची उंच घरे. या तीरावर भात आणि तिवरे, त्या तीरावर वीस-वीस मजले! मधल्या पाण्याने दोन युगे वेगळी ठेवली आहेत, असेच ते दृश्य पाहणाऱ्याला वाटते.

हे पाणी कोणाचे? भूगोलाच्या पुस्तकात त्याला उल्हास नदी म्हणतात आणि माणसांच्या बोलण्यात ती वसईची खाडी असते. बोरघाटाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावून ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास करून वसईजवळ समुद्राला मिळते. वाटेत भातसा आणि काळू तिला येऊन मिळतात. भिवंडीतून येणारी कामवारीही याच पट्ट्यात तिच्यात विसर्जित होते. कल्याणच्या खाली नदी नदी राहात नाही. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा परत जातो. या दोन फेऱ्यांवरच खारबावसारख्या गावांचे सारे जीवन बेतलेले होते.

गावाच्या नावाचीच फोड करून पाहा ना! खार म्हणजे खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन. आणि बाव म्हणजे विहीर. वसईकडची बावखळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा शब्द नवा नाही. खारी जमीन आणि गोड्या पाण्याची विहीर! खाडीकाठच्या माणसाला आयुष्यात ज्या दोन गोष्टींचा विचार सर्वांत अधिक करावा लागतो, त्या दोन्ही या चार अक्षरांत शेजारी शेजारी बसल्या आहेत.

आता खारीत शेती कशी होते, हे शहरातल्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. कारण पुढची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. समुद्राचे पाणी शिरते त्या जमिनीत भात येत नाही. म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध घालतात. बांधात जागोजाग उघाड्या ठेवतात. उघाडी म्हणजे पाण्याचे एक प्रकारचे दारच. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी त्या दारातून बाहेर निघून जाते आणि भरती आली की दार मिटते, खारे पाणी बाहेरच राहते. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला, की मग पेरणी. पुष्कळ ठिकाणी अशा जमिनीत रोपांची लावणी न करता मोड आलेले बीच चिखलात फेकतात. वाचायला हे सोपे वाटते. परंतु या शेतीचा एक कठोर नियम आहे. बांध सर्वांचा असतो. कोणा एकाच्या शेताजवळ खेकड्यांनी पोखरून त्याला भोक पाडले आणि त्याने ते वेळीच बुजवले नाही, तर उधाणाच्या दिवशी तेथे खांड पडते. मग पाणी सातबारा विचारीत बसत नाही, ते सगळ्यांच्याच शेतात शिरते. एकदा खारे पाणी शिरले, की पुढचे दोन-तीन पावसाळे ती जमीन रुसते. म्हणून खाडीकाठच्या गावाला भांडणे परवडतात, पण बांधावरचे भांडण परवडत नाही. सरकारलाही या गोष्टीचे महत्त्व पटले, तेव्हा 1948 साली मुंबई राज्यात खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 1979 साली महाराष्ट्राने त्याच्या जागी नवा कायदा केला.

या पाण्याने केवळ शेतीच घडवली असे नाही. इतिहासही याच वाटेने आला. कल्याण आणि सोपारा ही प्राचीन काळची नावाजलेली बंदरे. ग्रीक दर्यावर्दींच्या वृत्तांतात कल्याणचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. घाटावरचा माल कल्याणला उतरायचा आणि तेथून खाडीने पश्चिमेला समुद्राकडे जायचा. भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली, असा होड्यांचा क्रम असे. त्या काळी खाडी हाच हमरस्ता होता आणि खारबाव हमरस्त्यावरचे गाव होते.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे हा मुलूख फिरंग्यांच्या अमलाखाली राहिला. कामण आणि अंजूर हे वसईच्या अमलातले परगणे. दरम्यान 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या पाण्यावर मराठी आरमाराचा आरंभ झाला. खाडीचे मोल त्या पुरुषाने एका दृष्टिक्षेपात ओळखले होते. पुढे वसईच्या मोहिमेत खारबावच्या शेजारच्या अंजूर गावाने फार मोठी कामगिरी बजावली. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी या प्रदेशातल्या वाटा, उतार आणि माणसे यांची माहिती पेशव्यांच्या पदरात घातली. 1737 साली साष्टी आणि ठाणे हाती आले आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. वज्रेश्वरीचे देऊळ हे त्या मोहिमेच्या वेळी बोललेल्या नवसाचे फळ, असे भाविक सांगतात. किल्ल्यांच्या कथा आपण आवडीने वाचतो. परंतु खाडीचा उतार कोठे आहे, कोणत्या तिथीला पाणी किती चढते, हे ज्ञान बखरींतून मिळत नसते. ते पाग टाकणाऱ्या आणि बांध राखणाऱ्या माणसांपाशी असते. अशा मोहिमांना असल्या अनामिक शहाणपणाचाही आधार लागतो.

असे हे हमरस्त्यावरचे गाव आडवाटेला पडले ते आगगाडीमुळे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. पण ती गेली ठाण्याची खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगरातून. भिवंडीचा सारा बाजू उत्तरेला राहून गेला. होड्यांचा माल हळूहळू डब्यांत गेला. भिवंडीला निदान मुंबई-आग्रा रस्ता होता, माग होते. खाडीकाठच्या लहान गावांना भात, मीठ, मासळी आणि रेती एवढेच उरले.

योगायोग असा, की त्याच सुमारास विलायतेतही असेच एक नाट्य घडत होते. लंडनच्या नैर्ऋत्येला टेम्स नदीच्या काठी किंग्स्टन नावाचे जुने बाजारगाव आहे. तेथल्या लोकांचा चरितार्थ घोडागाड्यांच्या वाहतुकीवर चालत असे. त्यांना आगगाडी नको होती, असे सांगतात. 1838 साली लोहमार्ग गावाला वळसा घालून दक्षिणेकडून गेला आणि तेथे रानात जे स्टेशन झाले, त्याच्याभोवती सर्बिटन नावाचे अगदी नवे उपनगर उठले. लोक त्याला चेष्टेने 'रेल्वेकाठचे किंग्स्टन' म्हणत. जुन्या गावाला स्वतःची गाडी मिळायला 1863 साल उजाडावे लागले. त्याच मार्गावर, त्याच वर्षी, टेडिंग्टन या नदीकाठच्या खेड्यातही स्टेशन झाले. हे टेडिंग्टन म्हणजे टेम्सचे कल्याणच. समुद्राची भरती लंडन ओलांडून येते आणि तेथल्या बांधापाशी थांबते. पंचवीस वर्षे गाडी हुकली म्हणून किंग्स्टनकर अजून हळहळतात. खारबावकरांनी किती हळहळावे? त्यांच्याकडे वसई-दिवा मार्ग आला तो 1980 च्या दशकात, म्हणजे कल्याणला गाडी पोहोचल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! आणि आला तोही मुख्यतः मालगाड्यांसाठी. उतारूंच्या गाड्या त्यानंतर सुरू झाल्या, आणि आजही त्या दिवसातून मोजक्याच. चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून होते.

पण उशीर हा नेहमी तोट्याचाच असतो असे नाही. गाडी उशिरा आली म्हणून या पट्ट्याचा स्वभाव टिकला. येथे वस्ती प्रामुख्याने आगरी समाजाची, जोडीला कोळी, कुणबी आणि डोंगराच्या कडेने वारली-कातकरी पाडे. बोली रांगडी, मोकळी, पाहुण्याला एकेरीत हाक मारून घरात घेणारी. हळदीच्या रात्री जागे राहणारी गावे ही! लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागल्यासारखे वाटत नाही. ताटात तांदळाची भाकरी, सुकट, चिंबोऱ्या, निवट्यांचे कालवण आणि भाग्य उजळले तर जिताडा. हा मासा गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवर वाढतो आणि त्याची चव घेतलेला मनुष्य पापलेटाची स्तुती जरा बेतानेच करतो.

कष्टांची एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही. मुंबईच्या आणि ठाण्याच्या अनेक इमारतींत या खाडीची रेती आहे. ती रेती काढण्याच्या जुन्या रीतीला 'डुबी' म्हणतात. होडीतून बांबू खाडीच्या तळाशी रोवायचा, हातात बादली घेऊन त्या बांबूच्या आधाराने श्वास रोखून खाली जायचे, बादली भरायची आणि वर यायचे. गढूळ पाणी, खाली काही दिसत नाही. अशा किती बुड्या एका दिवशी माराव्या लागत असतील, याचा विचार आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर खिळा ठोकताना आपण कधी केलेला नसतो. पुढे यांत्रिक पंप आले, तळ ओरबाडला जाऊ लागला, काठ ढासळू लागले. मग न्यायालयाला आणि सरकारला त्यावर बंधने घालावी लागली. माणूस श्वास रोखून काढत होता तोवर खाडी ते सोसत होती. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही, तेव्हा ते थांबणार तरी कशाला?

आणि आता गोदामांचे युग आले आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, मानकोली या गावांची नावे दहा वाचकांपैकी नऊ जणांना ठाऊक नसतील. पण यंदाच्या दिवाळीत घरपोच आलेला कपड्यांचा खोका, मिक्सर किंवा आकाशकंदील बहुधा या गावांपैकी एखाद्या गोदामात मुक्काम करून आलेला असेल. भिवंडीचा परिसर देशातल्या मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक झाला तो उगाच नव्हे. मुंबईच्या हद्दीबाहेर असल्यामुळे जकातीतून सुटका, नाशिकचा रस्ता जवळ, अहमदाबादचा रस्ता चिंचोटीवरून जवळ, न्हावाशेव्याचे बंदर आवाक्यात आणि जमीन मुंबईच्या मानाने स्वस्त. 2017 च्या जुलैत वस्तू-सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. वाटले होते, की आता गोदामे ओसरतील. उलट ती अधिक मोठी झाली! चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता खारबाववरूनच जातो. त्या रस्त्यावरच्या अवजड गाड्या आणि खड्डे यांचे वर्णन करण्याची गरज नाही. ज्याने तेथून एकदा प्रवास केला आहे त्याची पाठ ते वर्णन करील.

पुढे काय येणार, याची चाहूलही लागली आहे. वैतरणेकडून न्हावाशेव्याला जाणारा मालगाड्यांचा खास मार्ग याच पट्ट्यातून जातो. मुंबई-अहमदाबाद वेगवान गाडीची मोठी गाडीशाळा अंजूर-भरोडीच्या भूमीवर योजलेली आहे. खाडीवर कोलशेत ते काल्हेर, कासारवडवली ते खारबाव आणि गायमुख ते पायेगाव असे पूल बांधण्याच्या योजना आहेत. 2016 च्या कायद्याने हीच खाडी राष्ट्रीय जलमार्ग ठरली असून 2024 च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर अशी गाड्यांसकट उतारू नेणारी बोट सुरू झाली आहे. म्हणजे ज्या पाण्याला आपण दीडशे वर्षे पाठ दाखवली, त्याच्याकडे आता पुन्हा तोंड वळवू लागलो आहोत. कासारवडवलीचा पूल झाला, की आजचा भिवंडीवरून जाणारा मोठा वळसा वाचेल आणि पैलतीरावरच्या वीस मजल्यांना ऐलतीर दिसू लागेल. मग खारबावचे सर्बिटन व्हायला कितीसा वेळ?

तसे होऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण स्वतः उपनगरांत राहतो, गाडीने जातो-येतो, नळाचे पाणी पितो. खारबावच्या तरुणाने जवळचे इस्पितळ, चांगले कॉलेज आणि वेळेवर येणारी गाडी मागितली, तर 'बाबा रे, तुझे भातखाचर किती सुंदर दिसते' असे त्याला सांगणे हा चक्क अन्याय आहे. प्रश्न उपनगर व्हावे की न व्हावे हा नाही. प्रश्न आहे बांधाचा.

एक शेतकरी जमीन विकतो. तिच्यावर भराव पडतो, गोदाम उभे राहते. गोदामाला उघाडीशी कर्तव्य नसते. त्याची जमीन उंच झालेली असते. शेजारचा अजून भात पिकवतो आहे, पण त्याच्या शेतातले पाणी जाण्याची वाट बुजली. त्याचे पीक कुजते, म्हणून दोन वर्षांनी तोही विकतो. असे करता करता बांध राखणारे हात कमी होतात आणि एके दिवशी बांध कोणाचाच राहात नाही. भरती मात्र पंचांगाप्रमाणे येतच राहते. खारी आणि तिवरे म्हणजे पुराच्या पाण्याला पसरायला निसर्गाने ठेवलेली ओसरी. 26 जुलै 2005 आणि पुढे 2019 चा जुलै, उल्हासने आपले खरे रूप या दोन्ही वेळांना दाखवले. 2019 साली वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली ती याच नदीच्या पुरामुळे. वर पडलेले पाणी खाली येणारच. खालची ओसरी भरून टाकली, तर ते दिवाणखान्यात शिरेल आणि त्या वेळी दिवाणखाने खारबावचे असतील तसे ठाण्याचेही असतील.

टेम्सकाठच्या लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट येथेच आहे. रिचमंड हेही लंडनचे नदीकाठचे उपनगर. 1846 सालीच तेथे गाडी आली, घरे वाढली. टेकडीवरून दिसणारी नदीची वळणे आणि खालची कुरणे घरांखाली जाणार असे दिसू लागले, तेव्हा लोक जागे झाले आणि 1902 साली पार्लमेंटने कायदा करून ते दृश्य राखले. आज तेथे लाखमोलाची घरे आहेत आणि खालच्या कुरणांना अजून पुराचे पाणी घेता येते. उलटही पाहा. त्याच टेम्सचा लंडनमधला भाग 1957 साली शास्त्रज्ञांनी मृतवत ठरवला होता, इतकी घाण त्यात साठली होती. नंतर सांडपाणी शुद्ध करण्यावर वर्षानुवर्षे खर्च झाला, तेव्हा मासे परतले. नदी मारणे आणि जगवणे या दोन्ही गोष्टी माणसांच्या हातच्या आहेत. फक्त दुसरीला पैसा आणि काळ पुष्कळ अधिक लागतो.

आपल्याकडेही कायदे नाहीत असे नाही. किनारपट्टीचे नियम 1991 पासून आहेत. 2018 च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचाच भंग आहे, असा निर्णय दिला. परंतु कायद्याला डोळे लागतात. रात्रीतून पडलेला भराव प्रथम कोणाला दिसतो? शेजारच्या शेतावरच्या माणसाला. जुना बांधही असाच राखला जात असे. खांड पडलेली ज्याने पाहिली त्याने हाक मारायची आणि हाक ऐकणाऱ्याने घमेले घेऊन धावायचे, हीच रीत होती. नव्याने राहायला येणाऱ्या कुटुंबांनी ती रीत उचलली, तर खारबाव हे गावाचे गावपण घेऊन झालेले उपनगर होईल. पूल, गाडी, शाळा, इस्पितळ हे सारे होईल. आणि खाडीच्या कडेची तिवरे, उघाड्या आणि पाणी पसरायची जागाही राहील. हे दोन्ही एकत्र अशक्य आहे, असे सांगणाऱ्यांचे बहुधा कोठेतरी गोदाम असते.

दिवाळीच्या सुमारास या बाजूला भात कापणीला आलेले असते. सुटीत मुलांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न घरोघरी पडतोच. वसई रोडहून दिव्याकडे जाणारी गाडी धरा. वेळापत्रक आधी पाहून घ्या आणि उजव्या हाताच्या खिडकीशी जागा मिळवा. मुलांना खाडी दाखवा, तिवरे दाखवा आणि भरती आहे की ओहोटी, हे ओळखायला सांगा. घरी दारात येणारा दिवाळीचा खोका कोणत्या मातीवर ठेवला गेला होता, हे त्यांना एकदा कळले, तर पुढे मोठेपणी भराव घालण्याच्या कागदावर सही करताना त्यांचा हात क्षणभर तरी थांबेल.